कंपनी म्हटलं की शंका, संस्था म्हटलं की फुकट! सामाजिक उद्योगांचं गणित गावाला कधी कळणार?

केडगाव : पारनेर, श्रीगोंदा आणि नगर तालुक्यातल्या गावांतून कांद्याच्या गोण्या भरलेले पिकअप केडगाव परिसरातून नेप्ती उपबाजाराकडे वळतात. गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलेल्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर कधीतरी गावच्या ग्रुपचा मेसेज येऊन पडतो. आपल्या गावची शेतकरी उत्पादक कंपनी होतेय, शेअरचे हजार रुपये, आधार आणि सातबारा घेऊन या. पुढची चर्चा ठरलेली असते. एक म्हणतो, "कंपनी हाये म्हणजे कुणाच्या तरी घरात पैसा जाणार." दुसरा म्हणतो, "अनुदान येणार हाये, भरून टाक गपचूप." तिसऱ्याचा प्रश्न वेगळाच, "लोकांसाठी करायचंय ना, मंग पैसे कशाला मागत्यात?"

तिघांचंही थोडं खरं आणि बरंच चुकीचं. शेतकरी उत्पादक कंपनी, महिलांचे बचतगट, सहकारी संस्था, बियाणं बँक या सगळ्यांना हल्ली 'सामाजिक उद्योग' म्हणतात. सरकारी भाषणात हा शब्द सारखा येतो. पण गावात आजही दोनच खाने आहेत. धंदा म्हणजे नफेखोरी आणि संस्था म्हणजे फुकट वाटप. मधला तिसरा खाना कुणी समजावून सांगितलेला नाही. त्याची किंमत शेवटी शेअर भरणाराच मोजतो.

नफा कमावणं हा गुन्हा नाही

सामाजिक उद्योग म्हणजे दानधर्म नव्हे. तो माल विकतो, सेवेचे पैसे घेतो, पगार देतो, कर्ज फेडतो. फरक दोन ठिकाणी असतो. उरलेला पैसा कुठं जातो आणि निर्णय कुणाच्या हातात असतो.

याचं सोपं उदाहरण तमिळनाडूत मदुराईला आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. ज्याची ऐपत आहे तो पैसे भरतो, त्या कमाईतून ऐपत नसलेल्यांची ऑपरेशनं फुकट किंवा अगदी कमी दरात होतात. मोतीबिंदूची लेन्स परदेशातून महाग पडत होती, तर १९९२ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. दोन्ही रुग्णांना डॉक्टर तेच. इथं फुकट उपचार आहेत, पण ते देणगीच्या भरवशावर नाहीत. पैसे भरणारा रुग्ण आला नाही, तर न भरणाऱ्याचं ऑपरेशनही थांबेल.

लिज्जत पापड तर घरोघरी माहीत आहे. पण तो कुणाचा, हे विचारलं तर बरेच जण कुठल्यातरी शेठचं नाव शोधतात. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. देणगी घ्यायची नाही, तोटा झाला तरी कुणापुढं हात पसरायचा नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं. पापड लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण. नफा वाटून घ्यायचा तसा तोटाही वाटून घ्यायचा. आपल्याकडं गट स्थापन करताना या शेवटच्या वाक्यावर कुणी बोलत नाही.

नगर जिल्ह्याला हे नवीन नाही

खरं तर हा विषय नगरकरांना बाहेरच्यांनी शिकवावा, हीच उलटी गोष्ट आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे गोळा केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस आपला, कारखाना आपला, भाव आपण ठरवू, असं ते साधं म्हणणं होतं. खासगी कारखानदारांच्या दयेवर असलेल्या शेतकऱ्यासाठी ती लहान गोष्ट नव्हती.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये आरोग्याचं काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर असलेल्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. १९७९ ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक ते पाहायला आले. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, बायफ संस्थेची साथ मिळाली, बियाणं बँक उभी राहिली, पद्मश्रीही मिळाली. ही तिन्ही कामं वेगळ्या जातीची आहेत. पण तिन्हीत काम करणारा आणि फायदा घेणारा एकाच गावचा आहे.

मग बिघडलं कुठं? सहकारात हळूहळू सभासद मागं पडला. वार्षिक सभेत विषय वाचले जातात, "मंजूर, मंजूर" असा आवाज येतो आणि अर्ध्या तासात मंडप रिकामा. दिवाळीला सवलतीची साखर मिळाली की अनेकांच्या लेखी सभासदत्वाचं काम संपलं. ताळेबंद वाचणारा सभासद म्हणजे विरोधी पार्टीचा, अशी समजूत झाली. कारखाना आपला आहे हे वाक्य राहिलं, 'आपला' या शब्दातला अर्थ गेला.

त्यात पतसंस्था आणि मल्टिस्टेटच्या बुडवाबुडवीने भर घातली. नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हा जिल्ह्यातल्या ठेवीदारांना काय सोसावं लागलं हे वेगळं सांगायला नको. इथं एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. आणि उत्पादक कंपनीचा शेअर ही तर ठेवच नव्हे. तो धंद्यातला हिस्सा आहे. धंदा चालला तर फायदा, बुडाला तर शेअरही गेला. "शेअर भरा, वर्षाला अमुक टक्के पक्के" असं कुणी सांगत असेल तर तिथंच थांबावं.

अनुदानाची कंपनी आणि धंद्याची कंपनी

सहकारातला राजकीय हस्तक्षेप टळावा आणि कंपनीसारखी शिस्त यावी, म्हणून डॉ. योगिंदर अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली. त्यातून उत्पादक कंपनी हा प्रकार आला. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन ती काढू शकतात. वैयक्तिक सभासद असलेल्या कंपनीत शेअर कितीही असोत, प्रत्येकाला एकच मत. पैसेवाल्याने दोनशे शेअर घेतले तरी त्याचं मत एकच मोजायचं.

२०२० मध्ये केंद्राने १० हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली. तरतूद ६,८६५ कोटींची. व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत एका संघटनेला १८ लाखांपर्यंत मदत. सभासदाने जेवढं भागभांडवल भरलं तेवढीच रक्कम सरकारकडून, पण प्रति शेतकरी २ हजार आणि एका संघटनेला १५ लाख ही मर्यादा. सपाट भागात त्यासाठी किमान ३०० सभासद हवेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये १० हजारांचा आकडा पूर्ण झाल्याची घोषणाही झाली.

आकडा पूर्ण झाला, पण त्यातून किती मालाचा व्यवहार होतो हा खरा प्रश्न. ३०० सभासद जमवायचे म्हणून घरातल्या प्रत्येकाचं नाव घालायचं, संचालक भावकीतलेच, तीन वर्षांचा व्यवस्थापन खर्च संपला की ऑफिसला कुलूप, अशा कंपन्यांच्या गोष्टी कुठल्याही तालुक्यात ऐकायला मिळतात. अशी कंपनी अनुदानासाठी जन्मते आणि अनुदानाबरोबरच संपते.

कांद्याने तर दुसरंच दाखवून दिलं. केंद्राच्या राखीव साठ्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ कांदा घेतात, ती खरेदी शेतकरी कंपन्या आणि सहकारी संस्थांमार्फत होते. २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यात या खरेदीबद्दल मोठ्या तक्रारी झाल्या. शेतकऱ्याचा माल घेण्याऐवजी व्यापाऱ्याचाच कांदा कंपनीच्या नावावर दाखवला, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. पाटी शेतकऱ्याची आणि गोणी व्यापाऱ्याची असेल, तर त्याला सामाजिक उद्योग म्हणायचं कशाला?

दोष फक्त संचालकांचा नाही

दुसरी बाजूही सांगायला हवी, ती जरा कडू आहे. समजा गावच्या कंपनीने कांदा खरेदी सुरू केली. कंपनी प्रतवारी करणार, लांबच्या खरेदीदाराला पाठवणार, पैसे यायला पंधरा दिवस. इकडे नेप्तीला लिलाव झाला की हिशेबपट्टी हातात. खताची उधारी, सोसायटीचा हप्ता, पोराची फी हे काही पंधरा दिवस थांबत नाही. मग सभासद काय करतो? चांगला गोल्टा-गोल्टा निवडलेला नव्हे, तर मोठा एकसारखा माल बाजारात नेतो आणि राहिलेला कंपनीला देतो. बाजार वाढला की कंपनीला दिलेला शब्द मोडतो, बाजार पडला की "कंपनी आपलीच हाये, घ्या की" म्हणून गाडी दारात लावतो. असा व्यवहार दोन हंगाम झाला की कोणतीही कंपनी झोपते.

यात शेतकऱ्याला अप्रामाणिक ठरवून भागत नाही. त्याच्याकडं थांबायची ताकद नाही. कंपनीकडं खेळतं भांडवल नाही. बँक तारण मागते आणि नव्या कंपनीकडं तारण नसतं. अनुदानातून गोदाम होतं, मशीन येतं, पण माल घेतल्या दिवशी शेतकऱ्याला निम्मे तरी पैसे द्यायला लागणारी रोकड त्यात नसते. शेतकरी कंपन्या बहुतेक वेळा इथंच अडतात, आणि योजनेच्या फलकावर याचा उल्लेख नसतो.

जिथं जमलं तिथं काय केलं, ते पाहायला फार लांब जायला नको. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली सह्याद्री फार्म्स द्राक्ष निर्यातीपासून सुरू झाली. आधी ग्राहक शोधला, ग्राहकाला हवा तसा माल पिकवायला शेतकऱ्याला तयार केलं, मग प्रक्रियेत उतरले. २०२२ मध्ये त्यांच्या प्रक्रिया कंपनीत युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. पण मोहाडीला सहल काढून आलेले अनेक जण मशीनचे फोटो घेऊन येतात, सुरुवातीच्या वर्षांचा हिशेब विचारून येत नाहीत.

बाईच्या नावाने

बचतगटांबाबत गोंधळ अजून वेगळा. माविम १९७५ पासून आणि उमेद अभियान गेल्या दशकापासून गट बांधतंय. तरी गावात गट म्हणजे कर्ज, एवढीच ओळख. गटाच्या बाईने केलेली शेवई शंभर रुपयांची असेल तर "बचतगटाची ना, मग सत्तरला द्या" असा भाव होतो. मॉलमध्ये हाच माणूस छापील किमतीला घेतो.

म्हसवडला माणदेशी महिला बँकेची गोष्ट म्हणून सांगण्यासारखी. चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा अंगठे लावणाऱ्या सभासद बँक कशा चालवणार, म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बायका खचल्या नाहीत, अक्षर शिकायला बसल्या. पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय करू द्या, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये बँक सुरू झाली.

पण बाईच्या नावाने येणारं सगळंच सामाजिक नसतं. दर आठवड्याला वाडीवर हप्ता वसुलीला येणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्याही सक्षमीकरणाचीच भाषा बोलतात. बांगलादेशात मोहम्मद युनूस यांनी ग्रामीण बँकेतून छोट्या कर्जाची वाट दाखवली, २००६ मध्ये नोबेल मिळालं. पुढं ती वाट धंदेवाल्यांनी धरली. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचातून आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. आपल्याकडं आज अशा कर्जाचा दर वर्षाला २० टक्क्यांच्या वर जातो. सही करणाऱ्या बाईला तो सांगितला जातो का, हे तिच्या कर्जपत्रावर बघावं. उमेदच्या गटाचं बँक कर्ज आणि हे कर्ज यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि गावात दोन्हीला 'गटाचे पैसे' म्हणतात.

फोनवर पाच मिनिटं

देशात सामाजिक उद्योगासाठी एकच असा कायदा नाही. कुणी ट्रस्ट असतो, कुणी सहकारी संस्था, कुणी कलम ८ ची कंपनी, जिला नफा वाटताच येत नाही, कुणी उत्पादक कंपनी. शेअर बाजारात सोशल स्टॉक एक्स्चेंज नावाचा विभागही सुरू झालाय, पण गावच्या कंपनीशी त्याचा सध्या काही संबंध नाही.

म्हणून पाटीवरच्या नावापेक्षा कागद महत्त्वाचा. हजार रुपये भरण्याआधी कंपनी मंत्रालयाच्या वेबसाईटवर, म्हणजे एमसीएवर, कंपनीचं नाव टाकलं की ती चालू आहे की बंद, संचालक कोण, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षी भरला हे मोबाईलवर दिसतं. भरल्यानंतर शेअर सर्टिफिकेट मागायचं, नुसती पावती नको. वार्षिक सभेची नोटीस निदान चौदा दिवस आधी आणि सोबत ताळेबंद, हा सभासदाचा हक्क आहे. ताळेबंद सगळा नाही कळला तरी चालेल. एकच ओळ शोधायची, वर्षभरात सभासदांकडून किती रुपयांचा माल खरेदी केला. तिथं शून्य असेल आणि अनुदानाच्या ओळीत लाख असतील, तर सभेत माईक मागून विचारायला हरकत नाही.