पुस्तके कपाटात नव्हे, मुलांच्या हातात हवीत

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणांतून नेहमी ऐकतो. त्यातील मर्म मात्र हे, की गुरुजींनी योग्य पुस्तक, योग्य वयात, योग्य हाती दिले.

आपल्या समाजात पुस्तकदानाची श्रद्धा मोठी आहे. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड शाळेत असलेच पाहिजेत. परंतु पाचवी-सहावीचा विद्यार्थी त्या खंडांना वंदन करतो, वाचत नाही. तो त्याचा दोष नव्हे. या वयात पुस्तकात आपल्यासारखे कोणीतरी भेटावे लागते. सोयाबीनच्या सोंगणीला जाणाऱ्या मायबापांची, मानोऱ्याकडील तांड्यांवरून वसतिगृहात आलेली मुले बालपुस्तकांत क्वचितच दिसतात. पुस्तक हे मुलांसाठी आरसाही असावे आणि खिडकीही, असा विचार अमेरिकन विदुषी रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडला. आपल्या मुलांच्या वाट्याला बहुधा खिडक्याच आल्या, त्याही दुसऱ्यांच्या वाड्याच्या.

म्हणून वर्गग्रंथालयासाठी आम्ही काही पुस्तके सुचवितो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधील गोरेगावच्या प्रवासाची हकिकत शिक्षकांनी मराठीतून वाचून दाखवावी. नऊ-दहा वर्षांचा भीम, गाडीत बसवायला नकार देणारे गाडीवान आणि रात्रभर न मिळालेले पाणी, हे सारे त्याच वयाच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेला, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा निबंध प्रत्येक मुलीच्या हाती पडावा. एक शाळकरी मुलगी समाजाला जाब विचारू शकते, हे तिला त्यातून कळेल. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'तील निवडक प्रकरणे सातवी-आठवीला द्यावीत. शिक्षणासाठी धडपडणारे ते पोरके पोर वसतिगृहातील मुलांना आपले वाटेल.

तथापि, आपल्या मुलांना केवळ वेदनेचीच पुस्तके द्यावीत, हे आम्हाला मान्य नाही. हसण्याचा आणि साहसाचा हक्क त्यांनाही आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, माधुरी पुरंदरे यांच्या गोष्टी, रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेची जपानी कथा 'तोत्तोचान', तसेच बालभारतीचे १९७१ पासून निघणारे 'किशोर' मासिक त्याच फळीवर असावे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणे बंधनकारक आहे. कायद्याने कपाट येते. त्याचे कुलूप मात्र आपल्यालाच काढावे लागते. फळी वर्गातच असावी आणि नोंदवही मुलांनीच सांभाळावी. पुस्तक फाटेल या भीतीने ते बंद ठेवू नये, कारण फाटलेले पुस्तक निदान वाचले गेलेले असते.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की पुढील स्नेहमेळाव्यात शाल-श्रीफळाऐवजी एकेका वर्गाची फळी भरून द्यावी. पालकांनी सुटीत घरी आलेल्या मुलाला गुणांआधी, "कोणतं पुस्तक वाचलंस रे?" असे विचारावे. ज्या महामानवाने ग्रंथांसाठी 'राजगृह' बांधले, त्यांच्या लेकरांच्या वर्गात पुस्तकांची एक उघडी फळी असणे, हे त्यांना खरे अभिवादन ठरेल.

जयभीम!