पीठ फुगेपर्यंत

दिवाळी अंकातल्या या सदरात चकली-कडबोळी सोडून यंदा ब्रसेल्सचे वॉफल कुठून आले, असे भगिनी विचारतील. विचारणे रास्तच आहे. पण चकली बिघडली तर सांगायला सासूबाई, जाऊबाई, शेजारीण हाताशी असतात. वॉफल बिघडले तर विचारायचे कोणाला? माझे चांगलेच बिघडले होते, म्हणून हा प्रपंच.

गेल्या हिवाळ्यात दोन महिने मी लेकीकडे ब्रसेल्सला होते. लेक आणि जावई दोघेही नोकरीवर. सकाळी अंधारात जायची, संध्याकाळी अंधारातच परत यायची. आल्यावर चार घास खाऊन लेक पुन्हा कॉम्प्युटर उघडून बसे. "बरी आहेस ना गं?" म्हटले की "हो आई, बरी आहे," एवढेच उत्तर. आईचे समाधान का एवढ्यावर होते?

तिला आवडते म्हणून एका रविवारी मी वॉफल करायला घेतले. विजेचा साचा घरात होताच. मैद्यात अंडी, दूध आणि बेकिंग पावडर घालून दहा मिनिटांत पीठ तयार केले. पोळ्यांच्या सवयीने एकेक वॉफल डब्यात रचले आणि वर फडके झाकले. पानात आले ते चौकटी पडलेले लिबलिबीत धिरडे! जावईबापू भिडस्त, त्यांनी मुकाट्याने दोन खाल्ली. लेक म्हणाली, "आई, राहू दे ना. विकत मिळतात की!"

ते मला लागले. दुसऱ्या दिवशी समोर राहणाऱ्या आजींना गाठले. त्यांचे इंग्रजी माझ्याइतकेच, बाकीचे हातवाऱ्यांनी. 'बेल्जियन वॉफल' म्हणताच त्या हसल्या. त्यांच्या देशात या नावाचा पदार्थच नाही! ब्रसेल्सचे वॉफल निराळे – पातळ पिठाचे, लांबट चौकोनी, हलके आणि कुरकुरीत. लिएज गावचे निराळे – घट्ट कणकेचे. त्यात जाड खडीदार साखर मळतात. ती साच्यात विरघळून वर खमंग पाक चढतो. 'बेल्जियन' हे नाव रूढ झाले ते अमेरिकेत. १९६२ साली सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनात ते विकले गेले. मग १९६४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मॉरिस व्हर्मेर्श यांच्या कुटुंबाने स्ट्रॉबेरी आणि फेटलेली साय घालून ते विकले, आणि लोकांची झुंबड उडाली.

माझी चूक आजींनी दोन वाक्यांत सांगितली. पीठ यीस्टने फुगवायचे, आणि त्याला तासभर हात लावायचा नाही.

पुढच्या रविवारी पीठ भिजवून भांडे हीटरजवळ ठेवले. "किती वेळ?" लेकीने विचारले. "एक तास. तू लक्ष ठेव," मी म्हटले. ती स्टुलावर बसली. करण्यासारखे काही नव्हते. पंधरा-वीस मिनिटे इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग खाली पाहत म्हणाली, "आई, मार्चमध्ये माझा नोकरीचा करार संपतोय. पुढे वाढवणार नाहीत. तू काळजी करशील म्हणून बोलले नाही."

मी काही उपदेश केला नाही. अंड्याचे पांढरे तिच्यापुढे सरकवले आणि फेटायला सांगितले. फेटता फेटता दोन महिन्यांचे सगळे बोलली. त्या दिवशीचे वॉफल कुरकुरीत झाले.

आता कृती.

साहित्य: मैदा २५० ग्रॅम, इन्स्टंट ड्राय यीस्ट दीड लहान चमचा, कोमट दूध ३७५ मिलिलिटर, पातळ केलेले लोणी १०० ग्रॅम, अंडी २, साखर १ मोठा चमचा, मीठ पाव लहान चमचा, थोडा व्हॅनिला.

मैदा, यीस्ट, साखर व मीठ एकत्र करावे. दूध बोटाला सोसेल इतकेच कोमट असावे. कढत दुधाने यीस्ट मरते. दूध, अंड्याचे बलक, लोणी आणि व्हॅनिला घालून गुठळ्या मोडाव्यात व भांडे झाकून ठेवावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाऊण तासही पुरतो. थंडीत तासाहून जास्त लागतो. पीठ दुप्पट होऊन बुडबुडे आले, की पांढऱ्याचा कडक फेस करून हलक्या हाताने मिसळावा. साखर वाढवू नये. आतले पाणी उडण्याआधीच वरून करपते.

साचा चांगला तापवून, लोणी पुसून पीठ ओतावे. लगेच उघडाल तर वॉफल मधोमध फाटेल. कडेने येणारी वाफ जवळजवळ थांबली, की काढावे. चार-पाच मिनिटे लागतात. काढून तारेच्या जाळीवर सुटे ठेवावे. रचले, झाकले, की वाफ कोंडून मऊ पडलेच.

अंडी न खाणाऱ्यांनी अंड्याऐवजी थोडे दूध आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालावे. कुरकुरीतपणा जरा कमी होतो, पण जाळी यीस्टनेही पडते. वर पिठीसाखर पुरे.

लेकीला जूनमध्ये दुसरी नोकरी लागली. ती वॉफलमुळे नव्हे, हे सांगायला नकोच! मी परत येताना साचा मात्र घेऊन आले. परवा पीठ फुगेपर्यंत आमचे 'हे' स्वयंपाकघरात तीनदा डोकावून गेले. "धिरड्याला एवढा थाट!" म्हणाले, आणि चौथे वॉफल पानात वाढून घेतले.