भाषण झाले, पण सांगितले काय?

मंडळी, निवडणूक जवळ आली की आपल्या राळेगावला भाषणांचा हंगाम येतो. कापसाचा हंगाम एक वेळ चुकेल, हा चुकत नाही. मागच्या खेपेला आमचा पुतण्या सभा ऐकून रात्री उशिरा घरी आला. ताटावर बसला तरी सभेचाच विषय. "काय बोलला गडी! समोरच्याची पार दाणादाण उडवली. टाळ्या थांबतच नव्हत्या!"

वहिनी चुलीपाशी भाकर टाकत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "हो रे बाबू, पण त्यानं सांगतलं काय? कापसाले भाव किती म्हणाला?"

"दीडपट म्हणाला."

"कशाच्या दीडपट?"

पोरगा गप्प झाला. खरे सांगतो, उत्तर माझ्यापाशीही नव्हते. मग मी जरा माहिती काढली. ती तुम्हां सर्वांच्या उपयोगी पडेल.

खरिपाच्या पिकांना उत्पादन खर्चाच्या किमान दीडपट हमीभाव देऊ, असे केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांनी २०१८ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. शब्द गोड आहे. परंतु खर्च मोजण्याच्या पायऱ्या तीन. पहिली, बियाणे, खत, फवारणी, मजुरी असा हातून गेलेला खर्च. दुसरी, घरच्या माणसांच्या कष्टाचे मोल. तिसरी, आपल्याच जमिनीचा मक्ता आणि आपण घातलेल्या भांडवलाचे व्याज. सरकार दीडपट धरते ती पहिल्या दोन पायऱ्यांवर. शेतकरी संघटना मागतात ती तिन्हींवर.

फरक किती पडतो? समजा, क्विंटलमागे पहिल्या दोन पायऱ्यांचा खर्च ५,००० रुपये आला आणि तिसरीचे १,७०० रुपये. पहिल्या हिशेबाने भाव ७,५०० होतो, दुसऱ्याने १०,०५०. दहा क्विंटलांमागे साडेपंचवीस हजारांचा फरक! दोन्हीकडचे पुढारी मात्र "दीडपट" हाच शब्द उच्चारतात, आणि आपण दोघांनाही टाळ्या देतो.

हे एकाच पक्षाचे आहे असे समजू नका. २००८ साली दुसऱ्या पक्षाच्या सरकारने मोठी कर्जमाफी दिली. गावोगाव जयजयकार झाला. पण संपूर्ण माफी होती दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला, म्हणजे सुमारे पाच एकरांपर्यंत. त्याहून जास्त जमीन असेल, तर आधी आपला वाटा भरायचा, मग काही भाग माफ. आपल्याकडची शेती कोरडवाहू. कागदावर सात-आठ एकर दिसतात, पण पाऊस रुसला तर पऱ्हाटीला बोंडे किती लागतात ते तुम्ही जाणता. असे कितीतरी घरधनी मोठे शेतकरी ठरून संपूर्ण माफीबाहेर राहिले. भरायला पैसा असता, तर कर्ज थकले कशाला असते? पण ही दोन हेक्टरांची ओळ भाषणात कोण मोठ्याने सांगतो?

वक्तृत्व वाईट, असे माझे म्हणणे नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या जांबुवंतराव धोटे यांच्या बुलंद आवाजाने विदर्भाचे गाऱ्हाणे दूरवर पोचवले. आवाज हवाच. पण बैल घेताना आपण नुसती शिंगांची रंगरंगोटी पाहतो का? दात पाहतो, खूर पाहतो, जुंपून चालवून पाहतो. हजारांच्या बैलाला एवढी पारख, आणि पाच वर्षांच्या कारभाराला नुसती टाळी?

म्हणून सभेहून परतताना तीन प्रश्न मनाशी विचारा. आकडा सांगितला का? तो कशावर मोजला? आणि आपल्या सातबाऱ्याला तो लागू पडतो का? समोरच्याची टिंगल कशी केली, नक्कल किती हुबेहूब केली, हे सारे करमणुकीत जमा करा. आणि हे प्रश्न घरातल्या बायामाणसांपुढेही मांडा. निंदण-वेचणीची मजुरी, किराण्याची उधारी, पोरांची फी यांचा हिशेब त्यांच्या तोंडी असतो. त्यांना फसवणे अवघड.

आमचा पुतण्या आता सभेला जाताना खिशात पेन्सिल आणि कागद घेऊन जातो. मी हसलो, तर म्हणाला, "काका, टाळ्या सांगून आता घरात जेवायला मिळत नाही. काकू आकडा मागते!"