खल्वाटाचे शिरस्त्राण आणि आपले गद्य

टक्कल पडलेल्या डोक्यावर सायकलचे हेल्मेट सुखाने कसे बसवावे, हा साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे मांडण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमच्या मते आहे. आणि तो केवळ गमतीचा विषय नाही. गमतीचा विषय म्हणूनच त्याकडे आजवर पाहिले गेले, हीच आमची तक्रार आहे.

भर्तृहरीच्या नीतिशतकातला खल्वाटाचा श्लोक अनेकांच्या वाचनात आला असेल. वामन पंडितांच्या समश्लोकीमुळे भर्तृहरी मराठी वाचकाच्या घरचाच झाला आहे. एका टकलू माणसाचे डोके उन्हाने तापले, म्हणून तो सावलीसाठी ताडाखाली (पाठभेदाने बेलाखाली) गेला. तेथे वरून मोठे फळ पडून त्याचे डोके फुटले. दैवहत माणूस जाईल तिथे आपत्ती त्याच्या मागोमाग येते, हे या श्लोकाचे तात्पर्य. आम्ही हा श्लोक शिकलो, पुढे शिकवला, दैववादावर चर्चाही घडवल्या. परंतु त्यात दडलेल्या दोन साध्या निरीक्षणांकडे आमचे कधी लक्ष गेले नाही. केस नसलेल्या डोक्याला ऊन अधिक भाजते, हे पहिले. आणि आघातापुढे ते उघडे असते, हे दुसरे. कवीला दोन्ही गोष्टी अचूक दिसल्या. पण त्याने त्या तत्काळ दैवाच्या खात्यात जमा केल्या. ग्रीक नाटककार एस्किलसबद्दलही अशीच दंतकथा आहे. त्याचे टक्कल म्हणजे खडक आहे असे समजून गरुडाने त्यावर कासव टाकले आणि तो मेला, म्हणे. दोन्हीकडे डोके एका माणसाचे राहत नाही, नियतीच्या खेळाची जागा होते.

आपल्या भाषेनेही या डोक्याला फारशी दया दाखवलेली नाही. मराठीत टक्कल ‘पडते’. दुष्काळ पडतो, दरोडा पडतो, खंड पडतो. त्याच रांगेत टक्कल बसले आहे. नंतर येतात ती विशेषणे: चमनगोटा, तुळतुळीत, विमानतळ, आरसा, पौर्णिमेचा चंद्र. पुरुषाच्या बाबतीत हा सारा व्यवहार हास्यरसाचा. स्त्रीच्या बाबतीत मात्र केशरहित मस्तक म्हणजे केशवपन, आणि तिथे करुणाशिवाय दुसरा रस संभवत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधला यमूच्या केशवपनाचा भाग ज्याने वाचला, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. या दोहोंची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. एक निसर्गाचा क्रम आहे, दुसरा समाजाने केलेला अत्याचार. सांगायचे इतकेच, की हास्य आणि करुण या दोन टोकांच्या मध्ये आमच्या वाङ्मयात केस नसलेल्या डोक्याचे साधे वर्णन फारसे आढळत नाही. त्या कातडीला घाम कसा येतो, कापडाची शिवण कुठे रुतते, ऊन कुठे लागते, हे कोणी सांगत नाही. सिरीनीचा सिनेसिअस याने इसवी सन 400 च्या आसपास टकलाची स्तुती करणारा एक निबंध लिहिला. डिओ क्रिसोस्टोमच्या केशस्तुतीला ते उत्तर होते. पण स्तुती हेही वर्णन नव्हे. ती थट्टेचीच दुसरी बाजू.

याचा परिणाम प्रत्यक्ष जगण्यावर होतो, म्हणून हा लेख. आमचे एक ज्येष्ठ स्नेही संस्कृतचे अध्यापक होते. कोथरूडहून कर्वे रस्त्याने डेक्कनकडे ते सायकलने येत. घरच्यांनी आग्रहाने घेऊन दिलेले हेल्मेट त्यांच्याजवळ होते. परंतु ते बहुधा डोक्यावर नसे, हँडलला लटकलेले असे. एका श्रावणात ओल्या वळणावर चाक सरकले आणि ते कुशीवर पडले. वेग फार नव्हता. तरी डोक्याला सात टाके पडले आणि पुढे कित्येक आठवडे त्यांना वाचताना ओळ सुटल्यासारखी वाटे. ज्याचे आयुष्य ओळी वाचण्यात गेले, त्याच्यासाठी ही शिक्षा लहान नव्हती. भेटायला येणारा प्रत्येक जण टकलावर एखादा विनोद करून जाई. आम्हीही केला. तेही हसले. सगळे गेल्यावर म्हणाले, “अहो, ते हेल्मेट मला टोचत होते. आतल्या पट्टीचे काटे थेट कातडीला लागायचे. पण दुकानदाराला काय सांगणार? तो म्हणाला असता, काका, केसच नाहीत तर एवढं काय टोचतंय?”

आम्ही स्वतः टकलू आहोत, आणि तोपर्यंत आमचेही हेल्मेट खुंटीवरच होते. जे विचारायला लाज वाटते ते कोणी सांगत नाही. जे कोणी सांगत नाही ते दुरुस्त होत नाही. त्यामुळे काही महिने आम्ही जे पाहिले, करून पाहिले, ते येथे नोंदवतो. एरवी याला ‘माहितीपर’ म्हणून बाजूला सारले जाते, याची कल्पना असूनही नोंदवतो.

पहिली गोष्ट मापाची. केस असताना घेतलेले हेल्मेट केस गेल्यावर सैल होते, ही गोष्ट इतकी उघड आहे की कोणाच्या लक्षात येत नाही. भुवयांच्या किंचित वरून, मागच्या उंचवट्यावरून शिंप्याची टेप फिरवून परीघ नव्याने मोजावा. 54 ते 58, 58 ते 62 सेंटिमीटर अशी मापे हेल्मेटच्या आत छापलेली असतात. हेल्मेट कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटांपेक्षा अधिक उंच नसावे. उकडते म्हणून ते मागे सरकवणारे पुष्कळ दिसतात. अशाने पुढे पडताना जे आधी आपटते ते कपाळच उघडे राहते. पट्टा न लावता डोके हलवून पाहावे. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तर माप बरोबर. कातडी जागेवर राहून हेल्मेटच फिरले तर ते सैल. या परीक्षेत टकलू माणूस भाग्यवान. मध्ये केस नसल्याने निकाल लगेच लागतो.

दुसरी गोष्ट मागच्या फिरकीची. घसरणाऱ्या डोक्यावर हेल्मेट बसावे म्हणून ती अधिकाधिक आवळण्याचा मोह होतो. मग अर्ध्या तासात कपाळ ठणकते आणि वर्गात शिरताना डोक्यावर लघुगुरूंच्या खुणा उमटलेल्या असतात. मागच्या बाकावरून गण पाडून दाखवण्याइतक्या स्पष्ट. खरे तर फिरकीचा आधार डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्याखाली बसला पाहिजे. तो तिथे बसला की थोड्या ताणावर काम भागते. उंचवट्याच्या वर बसला तर कितीही आवळले तरी हेल्मेट वर निसटते. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली एकत्र यावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटे जेमतेम शिरावीत.

तिसरी गोष्ट गाद्यांची. आमच्या स्नेह्यांचे दुखणे इथेच होते. आतल्या मऊ गाद्या व्हेल्क्रोने चिकटवलेल्या असतात. गादी जागची हलली, झिजली किंवा धुऊन वाकडी लावली, की व्हेल्क्रोची काटेरी बाजू उघडी पडते. केसाळ डोक्याला ते कळतही नाही; उघड्या कातडीवर मात्र ओरखडे उठतात. उपाय सोपा आहे: प्रत्येक काटेरी तुकडा गादीने पुरता झाकावा, आणि झिजलेल्या गाद्या बदलाव्यात. घामाचे मीठ साचून गादी कडक होते, म्हणून ती अधूनमधून सौम्य साबणाने धुवावी आणि सावलीत वाळवावी.

चौथी गोष्ट घाम आणि उन्हाची. केस घाम धरून ठेवतात. टकलावरून तो थेट डोळ्यांत उतरतो. हेल्मेटचे झरोके वारा देतात, पण त्यांतून ऊनही येते, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्यात डोक्यावर काळ्यागोऱ्या पट्ट्यांची नक्षी उमटते. नुसते मलम लावले तर तेही घामाबरोबर डोळ्यांत येते. यावर पातळ, सुती, शक्यतो शिवण नसलेली टोपी आतून घालणे हा आम्हाला उत्तम उपाय वाटला. रुमाल बांधायचा झाल्यास मागे गाठ नको. पडलो तर तीच गाठ डोक्यात रुतेल. जाड लोकरी टोपी नको; हेल्मेट तिच्यावरून घसरते. गांधी टोपीचा प्रयोग आम्ही श्रद्धेने केला. तिच्या घडीची कड अशी रुतली, की आदर कायम ठेवून ती काढून ठेवावी लागली. टोपी घातल्यावर फिरकी पुन्हा जुळवावी, हे विसरू नये.

हे सारे क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही व्यावसायिक शर्यतींच्या इतिहासाकडे बोट दाखवू. 1998 साली एकाच वर्षी जिरो आणि टूर द फ्रान्स या दोन्ही शर्यती जिंकणारा इटलीचा मार्को पांतानी टकलू होता. हेल्मेटविना, डोक्याला रुमाल बांधून चढ चढणारी त्याची मूर्ती त्या काळाची ओळख झाली. मार्च 2003 मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा कझाक सायकलपटू डोक्यावर पडून मरण पावला, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हेल्मेट सक्तीचे केले. पण त्या पहिल्या नियमातही शेवटच्या लांब चढावर हेल्मेट काढण्याची मुभा ठेवावी लागली होती. ती पुढे गेली. एका मृत्यूनंतर केलेल्या नियमालाही डोक्याच्या उकाड्याची दखल घ्यावी लागली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सुख ही चैन नसते; वापरण्याची ती पहिली अट असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती होती तेव्हा कोण हेल्मेट घालत होते? खरे आहे, पण तेव्हा सायकलच्या शेजारून बहुतांशी सायकलच जात होती. आजही सायकलस्वाराला कायद्याची सक्ती नाही. मोटार वाहन कायदा 1988 मधील कलम 129 स्वयंचलित दुचाकीवाल्यांसाठी आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 1990 साली सायकलस्वारांवर हेल्मेटची सक्ती केली, आणि अशा सक्तीने सायकलच कमी वापरली जाते की काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. आम्ही सक्तीच्या बाजूचे नाही. हेल्मेट सर्वशक्तिमान आहे असाही आमचा दावा नाही. युरोपातील ईएन 1078 या मानकाच्या चाचणीत ते सपाट पृष्ठभागावर सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे ताशी साधारण 20 किलोमीटर वेगाने आपटून पाहतात. भरधाव मोटारीपुढे ते काय टिकणार? थर्माकोलच्याच कुळातला तो फेस. आघात सोसताना चेपतो आणि एकदा चेपला की निकामी होतो. मात्र ओल्या वळणावर कुशीवर पडणाऱ्या एका म्हाताऱ्या अध्यापकासाठी नेमके तेवढेच पुरेसे असते.

मग साहित्याच्या अभ्यासकाचा यात संबंध काय? आमच्या मते असा, की एखाद्या अनुभवाला भाषेत कोणती जागा आहे, यावर तो अनुभव बोलला जाणार की गिळला जाणार, हे ठरते. ज्या डोक्याबद्दल केवळ हसण्याची सोय आहे, त्या डोक्याचा माणूस दुखणे सांगत नाही. तो आधी स्वतःच विनोद करून मोकळा होतो. विनोदाला आमचा विरोध नाही, वर आम्हीही दोन-चार केलेच आहेत. परंतु विनोद हा वर्णनानंतर यावा, वर्णनाच्या ऐवजी येऊ नये. आपण वर्गात प्रतिमा, प्रतीके आणि रसव्यवस्था शिकवतो. देहाच्या एका चौरस इंचाविषयी चार सरळ, खरी वाक्ये लिहायला क्वचितच सांगतो. ते लेखन सोपे नाही. ज्याला वाटते, त्याने आपल्याच डोक्यावर हेल्मेट नेमके कुठे रुतते ते एका परिच्छेदात लिहून पाहावे.

आमचे स्नेही आता निवृत्त आहेत, सायकल चालवतात, आणि हेल्मेट डोक्यावर असते. गाद्या बदलण्यासाठी आम्ही दोघे मिळून दुकानात गेलो होतो. काटेरी पट्टी उघड्या कातडीला लागते, एवढे एकच वाक्य त्यांनी दुकानदाराला सांगितले. तो हसला नाही. त्याने हेल्मेट उलटे केले, बोट फिरवून पाहिले आणि म्हणाला, “हो काका, लागतंय खरं.” पाच मिनिटांचे काम होते.