पडद्यापलीकडची खुर्ची

शिर्डीच्या विमानतळावर एकदा रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी काउंटरवरच्या मुलीला, गुपित सांगावं तशा हळू आवाजात विचारलं, "अपग्रेड मिळेल का?" सोबत एक सोनेरी कार्डही तिच्यापुढे सरकवलं. मुलगी क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "सर, हे पंख्याचं छोटं विमान आहे. यात बिझनेस क्लास नसतोच. पुढं बसा नाहीतर मागं बसा, सगळं सारखंच." गृहस्थांचा चेहरा पडला. विमानाचं दार मागच्या बाजूला होतं. त्यांनी हट्टाने पहिली रांग मागून घेतली आणि उतरताना सगळ्यांत शेवटी उतरले.

मला हसू आलं. पण हसायचा अधिकार मला नव्हता, कारण तसंच एक कार्ड माझ्याही पाकिटात होतं आणि मीही तोच प्रश्न अनेक काउंटरांवर, त्याच आवाजात विचारला होता. तेव्हा पुढचं सगळं वाचताना लेखकाला आरोपींच्या पिंजऱ्याबाहेर समजू नये.

सतत विमानाने फिरणाऱ्यांमध्ये अपग्रेडविषयी एक मौखिक परंपरा आहे. कोट घालून जा. गोड बोला. आज वाढदिवस आहे म्हणून सांगा. ही सगळी बहुतांशी थापेबाजी आहे. काउंटरवरच्या मुलीच्या हातात फारसं काही उरलेलं नाही. यादी संगणक लावतो. त्याचा हिशेब साधा आहे. काही लोक आयत्या वेळी येत नाहीत हे कंपन्यांना अनुभवाने ठाऊक असतं, म्हणून त्या खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. एखाद्या दिवशी सगळेच हजर झाले, की इकॉनॉमी ओसंडते आणि पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर काही जणांना सरकवावं लागतं. ते कोण? साधारणपणे आधी कार्डाचा रंग पाहिला जातो, मग तिकिटाचा भाडेगट. शेजारी बसलेल्या तिघांच्या तिकिटांवर तीन वेगळी अक्षरं असू शकतात. एक अक्षर चढ्या भाड्याचं, एक मधलं, एक महिनाभर आधी काढलेल्या स्वस्त तिकिटाचं. चढ्या अक्षराचा माणूस आधी उचलला जातो. त्यातही एकटा प्रवासी सोयीचा. लेकरू घेऊन निघालेली बाई गैरसोयीची.

उरलेल्या वाटा उघड विक्रीच्या आहेत. साठवलेले गुण मोजा, वरच्या पायरीवर मिळालेलं व्हाउचर वापरा, किंवा उड्डाणाआधी बोली लावा. हो, काही कंपन्या रिकाम्या खुर्चीचा चक्क लिलाव करतात, आमच्याकडे बाजार समितीत कांद्याचा होतो तसा. फरक इतकाच, की कांद्याची बोली चारचौघांत पुकारली जाते. इथे दुसऱ्याने किती लावली ते कळत नाही, आणि कळू नये अशीच रचना असते.

या व्यवस्थेला इंग्रजीत 'लॉयल्टी' म्हणतात, म्हणजे निष्ठा. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने ती मोठ्या प्रमाणावर सुरू केली, तेव्हा निदान प्रवासाचे मैल मोजले जात. एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये आपली योजना बदलून खर्च केलेल्या रुपयांवर गुण द्यायला सुरुवात केली. एका अर्थी हा प्रामाणिकपणाच म्हणायचा. तुम्ही किती फिरलात याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, किती मोजलेत ते सांगा.

पण मोजले कुणी? माझा पहिला आक्षेप इथे आहे. नेमाने अपग्रेड मिळवणाऱ्यांपैकी स्वतःच्या खिशातून महिन्याला आठ तिकिटं काढणारे कितीसे भेटतात? तिकीट कंपनी काढते आणि गुण साहेबांच्या नावावर जमा होतात. त्या गुणांवर साहेब सहकुटुंब गोव्याला जाऊन येतात. भारत सरकारने २००८ सालीच आपल्या कर्मचाऱ्यांना बजावलं, की सरकारी दौऱ्यावर मिळालेले मैलांचे गुण सरकारी प्रवासासाठीच वापरायचे. खासगी प्रवासाला वापरले तर खात्यांतर्गत कारवाई होईल. हा नियम किती पाळला जातो हा वेगळा विषय, पण तत्त्व स्वच्छ आहे. ज्याचा पैसा, त्याचा लाभ. खासगी क्षेत्रात मात्र हे तत्त्व कुणी उच्चारलं, तर तो कद्रू ठरतो. कारकुनाने कचेरीतलं कागदाचं रीम घरी नेलं तर चोरी, आणि उपाध्यक्षाने कचेरीच्या तिकिटांवर मिळालेली लंडनची फेरी घरी नेली तर ती निष्ठेची पावती!

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाला आपण गावंढळ म्हणतो. त्याचा रुमाल तरी स्वतःचा असतो.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. बहिणीचं बाळंतपण होतं. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर आईचा प्रवास पंढरपूर, आळंदी आणि पुण्याचं हॉस्पिटल एवढाच झालेला. विमान पहिल्यांदाच. मला दिल्लीत कामही होतं, म्हणून माझं तिकीट कंपनीने काढलं होतं, अर्थात महागाचं. आईचं मी काढलं, अर्थात मिळेल तितकं स्वस्त. तिकिटं वेगळी असली तरी जागा शेजारी-शेजारी घेतल्या होत्या. विमानात चढताना दारावर यंत्राने टूं केलं आणि तिथल्या मुलाने हसून मला नवा पास दिला. पुढची खुर्ची, दुसरी रांग. मी म्हणालो, "माझ्याऐवजी आईला बसवा, तिचे गुडघे दुखतात." तो अवघडला. ही जागा कार्डावर मिळाली आहे, दुसऱ्याला देता येत नाही, असं म्हणाला. मागे रांग खोळंबली होती. आई म्हणाली, "जा तू. मी बसते माझी."

आणि मी गेलो. नको म्हणता आलं असतं. जुना पास हातात होता, तिच्या शेजारची खुर्ची माझीच होती. पण मी गेलो. उड्डाणानंतर पडदा ओढला गेला आणि पुढचे दोन तास मी पाय लांब करून बसलो. मधे एकदा उठून मागे गेलो. आई पोटाशी पिशवी घट्ट धरून ताठ बसली होती. दिल्लीला सामानाच्या पट्ट्यापाशी तिने विचारलं, "तुला पुढं काय दिलं?"

"जेवण."

"मला बी दिलं. मंग मधी पडदा कशाला लावत्यात?"

या प्रश्नाचं उत्तर १८४९ साली ज्यूल ड्यूप्युई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने लिहून ठेवलं आहे. त्या काळी तिकडे रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचे काही डबे बिनछपराचे असत. छपराला खर्च किरकोळ. मग कंपन्या ते का घालत नाहीत? गरिबांचा छळ करायचा म्हणून नव्हे, असं ड्यूप्युईने दाखवलं. दुसऱ्या वर्गाचे पैसे ज्याला परवडतात त्याने तिसऱ्यात बसू नये, म्हणून तिसरा वर्ग मुद्दाम उघडा ठेवायचा. मार गरिबाला बसतो, धाक मात्र पैसेवाल्याला घालायचा असतो.

आपल्या विमानांतही हेच चालतं. आधी खुर्ची आक्रसायची, मग गुडघ्याला लागणारी चार बोटं वेगळी विकायची. आधी आई-बापाला आणि लेकराला वेगवेगळ्या रांगांत टाकायचं, मग शेजारी बसण्याचे पैसे मागायचे. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाला सांगावं लागलं, की एकाच तिकिटावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्या. लेकराने आईजवळ बसावं यासाठी देशाच्या राजधानीतून फर्मान निघतं, इथवर आपण 'प्रगत' झालो आहोत. आणि त्या गर्दीत अपग्रेड मिळालेला इसम समजतो, आपण व्यवस्थेला चकवलं! अरे, तू तिची जाहिरात आहेस. तुझ्याकडे बघूनच मागचे पन्नास जण कार्ड काढायला निघाले आहेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की पुढचे जास्त पैसे मोजतात म्हणून मागच्यांना स्वस्त पडतं. पुढची खुर्ची विकत घेणाऱ्याबाबत हे एकवेळ मानू. पण अपग्रेडवाल्याने ती विकत कुठे घेतली? ती रिकामी होती. आणि पुढचा वर्ग असल्याशिवाय स्वस्त विमानसेवा चालत नाही म्हणावं, तर इंडिगो २००६ साली सुरू झाली, २०२४ च्या अखेरीपर्यंत बिझनेस क्लासशिवाय उडत राहिली आणि तेवढ्यात देशातली सर्वांत मोठी विमान कंपनी झाली. जागांचे वेगळे पैसे तीही घेते. पण पडदा ही आर्थिक गरज होती, असं कुणी सांगू नये.

मग रिकामी खुर्ची द्यायची कुणाला? याचं उत्तर आपल्या रेल्वेकडे आहे. २००६ पासून रेल्वेत आपोआप अपग्रेडची सोय आहे. पूर्ण भाडं भरलेल्या प्रवाशाने नकार दिला नसेल, तर आरक्षणाचा तक्ता बनताना संगणक वरच्या वर्गातल्या रिकाम्या जागांवर खालच्या वर्गातल्यांना हलवतो. त्यासाठी जादा पैसे लागत नाहीत आणि कार्डाचा रंग कुणी विचारत नाही. शिवाय खाली मोकळी झालेली जागा प्रतीक्षा यादीतल्याला मिळते. एक माणूस वर सरकला की दुसऱ्याला गाडीत जागा होते. सवलतीचं तिकीट त्यातून वगळलं जातं हे खटकतं, तरी विमानातल्या अपग्रेडमध्ये नसलेली शहाणीव यात आहे.

आणि आमच्या नगरला तर याहून जुना धडा ठाऊक असायला हवा. मधु दंडवते यांचा जन्म नगरचा, १९२४ चा. १९७७ साली ते रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाचे बाक लाकडी फळ्यांचे होते. दंडवत्यांनी त्यावर दोन इंच फोम घालायला लावला. पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्याला वर आणायचं, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस निघाली, एकाच वर्गाची. आज त्या गाडीलाही वातानुकूलित डबे आहेत; पण दुसऱ्या वर्गाची गादी पुन्हा लाकडी झाली नाही. याला मी अपग्रेड म्हणतो. एक माणूस उचलून पडद्यापलीकडे नेला नाही, अख्खा डबा वर उचलला.

आमच्याच जिल्ह्यात दुसरा नमुनाही आहे. भिक्षा मागून पडक्या मशिदीत राहिलेल्या फकिराच्या शिर्डीत पैसे भरून लवकर दर्शनाचा पास मिळतो. ओळख असेल तर शिफारशीवरही काम होतं. विमानातून उतरलेला सोनेरी कार्डवाला तिथेही "काही होईल का?" हाच प्रश्न त्याच आवाजात विचारतो. सवय ती! पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच शिर्डीत नव्या दर्शनरांग संकुलाचं उद्घाटन झालं. दहा हजारांहून अधिक भाविकांना बसता येईल अशी दालनं त्यात आहेत. रांग मोडून पुढे जाण्याची सोय आणि रांगेत असणाऱ्याला बसण्याची सोय, दोन्ही एकाच गावात नांदतात. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक अक्कल यांतल्या कुठल्या सोयीवर खर्च व्हावी, एवढाच प्रश्न आहे.

त्याच दिवशी निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचंही लोकार्पण झालं. प्रकल्पाची कल्पना १९७० ची. काकडीच्या विमानतळाचं उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ लाच होऊन गेलं होतं. म्हणजे या दुष्काळी टापूत विमान आधी आलं आणि कालव्याचं पाणी सहा वर्षांनी. निष्ठेचे गुण खरोखर कुणाला द्यायचेच असतील, तर पन्नास वर्षं पाटाच्या पाण्याची वाट पाहणाऱ्यांना द्या. त्यांच्याकडे कार्ड नाही, एवढाच त्यांचा दोष.

कायद्याने एक बाजू सांभाळली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून, देशांतर्गत प्रवासात तुम्हाला मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं, तर करांसह तिकिटाची ७५ टक्के रक्कम परत मिळायला हवी. ढकलला गेलेल्याला हक्क मिळाला. उचलला जाणारा कोण असावा, हे मात्र अजून कंपनीच्या मर्जीवर आहे. इथे नियम हवा. वरच्या वर्गात न विकलेली खुर्ची असेल, तर ती आधी गुडघे आखडलेल्या म्हाताऱ्या माणसाला, गरोदर बाईला, पायाला प्लास्टर असलेल्याला मिळावी. असं कुणी नसेल तर चिठ्ठ्या टाका. आणि कचेरीच्या तिकिटावरचे गुण कचेरीच्या खात्यात जमा करा. तेवढ्या एका गोष्टीने ही निष्ठा किती खरी ते महिन्याभरात कळेल.

नियम होईपर्यंत माझ्यासारख्यांनी करण्याजोगं एक काम आहे. दारावर यंत्राने टूं केलं आणि नवा पास पुढे आला, तर मागे कोण उभं आहे ते वळून बघायचं, आणि "त्यांना द्या" म्हणायचं. देता येत नाही असं उत्तर आलं, तर "मग राहू द्या" म्हणून आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसायचं. मला हे त्या दिवशी पुण्यात सुचलं नाही. आईने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. त्यानंतर ती विमानातही बसली नाही. दिल्लीहून परत येताना तिने हट्टाने रेल्वेचं तिकीट काढायला लावलं, दोघांचं एकाच डब्यातलं.