चार स्वरांचे बीज

बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचा विषय निघाला की, तिच्या आरंभी नियती दारावर थाप मारते, ही आख्यायिका हटकून सांगितली जाते. ती पसरविणारा त्याचा सहवासी शिंडलर हा अभ्यासकांच्या मते फारसा विश्वासार्ह साक्षीदार नव्हे. कथा रंजक आहे खरी; पण श्रोता नियतीच्या विचारात गढून जातो आणि स्वरांचे पुढे काय होते, इकडे त्याचे लक्षच राहत नाही.

चार भागांची ही वाद्यवृंदरचना २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्ना येथे प्रथम सादर झाली. तिच्या आरंभी तीन ऱ्हस्व स्वर एकाच उंचीवर येतात आणि चौथा, दीर्घ स्वर खाली उतरतो. गुणगुणावी अशी सुरावट त्यांत नाही आणि हेच त्यांचे बळ आहे. देखणी, पूर्ण सुरावट मोडली की तिची ओळखच पुसली जाते. एवढेसे स्वरबीज मात्र कितीही रूपे घेऊ शकते.

पहिल्या भागात स्वर बदलत जातात, लय टिकून राहते. थोड्याच वेळात हॉर्न ही लय उचलतात, तेव्हा स्वरांमधील अंतरे रुंदावलेली असतात. मग व्हायोलिनवर एक मृदू सुरावट उमटते. आता तरी त्या ठोक्यांपासून सुटका झाली, असे वाटते न वाटते तोच खर्जातील तंतुवाद्ये तेच तीन ऱ्हस्व आणि एक दीर्घ हलकेच वाजवून जातात. पहिल्या ऐकण्यात हे केवळ जाणवते. ते ओळखण्यासाठी संगीताची पदवी लागत नाही; रचना पुन्हा एकदा ऐकावी लागते, इतकेच.

ख्यालगायनात मुखडा समेवर परततो तेव्हा श्रोता घरी आल्यासारखा सुखावतो. बीथोव्हेनचे बीज परतते ते वेष पालटून. (ही तुलना अर्थात याहून फार ताणू नये.)

तिसऱ्या भागात हॉर्न तेच ठोके तीन मात्रांच्या तालात गर्जून सांगतात. तेथे चौथा स्वर आरंभी खाली उतरतही नाही. चौथा भाग विजयोत्सवाचा. त्याच्या ऐन मध्यात वाद्यवृंद एकाएकी शांत होतो आणि तिसऱ्या भागातील ते ठोके दबक्या आवाजात पुन्हा ऐकू येतात. कोणाला हा व्यत्यय वाटेल. तो नसता, तर हा शेवट दुसऱ्याच एखाद्या रचनेतून आणून जोडल्यासारखा वाटला असता.