मनोऱ्याआधी कोलांटउडी

स्नेहसंमेलनाच्या सायंकाळी मैदानावर मानवी मनोरा उभा राहतो. सर्वांत वरच्या थरावर दुसरी-तिसरीतले एखादे हलके मूल हात पसरून उभे असते. पालक टाळ्यांचा कडकडाट करतात आणि शाळेतील शारीरिक शिक्षण उत्तम चालले आहे, असा सर्वांचा समज होतो. आम्हीही अनेक वर्षे याच समजुतीत होतो. एका वर्षी सरावाच्या वेळी एक लहान विद्यार्थी दुसऱ्या थरावरून खाली आला. मनगटाचे हाड काही आठवड्यांत जुळले. परंतु तो मैदानाकडे पुन्हा वळण्यास पुढचे वर्ष उजाडावे लागले. चढावे कसे, हे आम्ही त्याला शिकविले होते. पडावे कसे, हे शिकविले नव्हते. ही उणीव आमची होती, याची नोंद या स्मरणिकेत करणे आम्ही कर्तव्य समजतो.

या अनुभवातून आमचे मत बनले आहे. पहिली ते तिसरीच्या वर्गांत जिम्नॅस्टिक्स अवश्य शिकवावे. मात्र ते निवडक चपळ मुलांना नव्हे, तर प्रत्येक मुलाला, आणि मनोऱ्यांच्या रूपाने नव्हे, तर छोट्या हालचालींच्या मालिकेच्या रूपाने शिकवावे.

मालिका म्हणजे काय? मूल ताठ, स्थिर उभे राहते. दोन्ही पायांनी उडी मारून गुडघे वाकवीत हलकेच जमिनीवर येते. अंग गोळा करून पाठीवर झुलते. आडवे होऊन एक लोळण घेते. उठून एका पायावर मनातल्या मनात तीन अंक मोजेपर्यंत तोल सांभाळते आणि पुन्हा स्थिर उभे राहते. यातील एकही कृती अवघड नाही. कस लागतो तो दोन कृतींमधल्या जोडात. लोळण संपताना हात कोठे असावेत, म्हणजे उठताना अडखळणार नाही, याचा विचार मुलाला स्वतःच करावा लागतो. क्रम लक्षात ठेवणे, पुढचे पाऊल आधी ओळखणे आणि आरंभ व शेवट स्थिरतेने करणे, हे सारे त्यात आपोआप येते. सकाळच्या वंदनेला शांत बसण्याची सवय असलेल्या आमच्या मुलांना ही स्थिरता परकी नाही.

कोलांटउडी त्यानंतर यावी. हनुवटी छातीला टेकलेली, भार दोन्ही तळहातांवर आणि जमिनीला प्रथम स्पर्श खांद्यांच्या मागच्या भागाचा. डोक्यावर वा मानेवर भार मुळीच नको. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि हात आखूड असतात, म्हणून घाई करू नये. जाड मॅटखाली एका बाजूस आधार देऊन उतार केला, तर अंग सहज वळते. मागून ढकलणे सर्वथा वर्ज्य. जे मूल आज तयार नाही, त्याने लोळण घ्यावी; त्याची मालिका त्यामुळे अपुरी ठरत नाही.

चाळीस मुले आणि मोजक्या मॅट असताना हे कसे जमावे, अशी शिक्षकांची रास्त शंका असते. त्यावर आमचा उपाय साधा आहे. मैदानावर चार थांबे करावेत: उडीचा, तोलाचा, झुलण्याचा आणि लोळण-कोलांटउडीचा. जाड मॅट शेवटच्या थांब्यावर ठेवावी आणि शिक्षकांनी तेथेच उभे राहावे. रांगेत ताटकळण्याचा वेळ वाचतो आणि दंगाही कमी होतो.

दुसरा आक्षेप असा की, गुणी मुले लहानपणीच हेरली नाहीत, तर खेळाडू घडणार कसे? दीपा कर्माकर हिचे उदाहरण येथे बोलके आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट प्रकारात ती चौथी आली. कांस्यपदक केवळ ०.१५ गुणांनी हुकले. या त्रिपुराच्या कन्येचे तळपाय बालपणी सपाट होते आणि या खेळात ती मोठी अडचण मानली जाते. सहा वर्षांच्या मुलाची अंगकाठी पाहून निवड करणाऱ्याने तिला कदाचित रांगेतूनच परत पाठविले असते. सर्वांना शिकविल्याने गुणी मूल हरवत नाही. उलट तेच सापडण्याची शक्यता वाढते.

निवासी शाळेत या गोष्टीला आणखी एक अर्थ आहे. घरी राहणारे मूल नवी उडी शिकले, की संध्याकाळी आईला करून दाखविते. आमच्या मुलांची आई दूर गावी असते. म्हणून प्रत्येक मुलाला एक जोडीदार द्यावा. त्याने मालिका पूर्ण पाहावी आणि काय चांगले झाले, ते एका वाक्यात सांगावे. आपल्याकडे कोणीतरी लक्ष देऊन पाहते आहे, ही जाणीव लहान मुलाला फार मोठा आधार देते.

यंदाच्या संमेलनात पहिली ते तिसरीचा मनोरा नसावा, असा आमचा आग्रह आहे. एका वेळी चार मुलांनी, प्रत्येकी अर्धा मिनिट, स्वतः रचलेली मालिका सादर करावी. चाळीस मुलांचा वर्ग दहा मिनिटांत पूर्ण होतो. पालकांना आमची विनंती एवढीच: मूल शेवटी स्थिर उभे राहीपर्यंत थांबावे, आणि मगच टाळी वाजवावी.